टी कोरोनी बोरियालिस: पहाटेच्या मुकुटावर पहारा (गोवा, हिवाळा २०२४-२५)

डिचोलीचा_दुर्बीणवाला | १२ जानेवारी २०२५, सकाळी ७.१०

नमस्कार मंडळी. पावसाळा सरून आकाश उघडल्यापासून मी टी कोरोनी बोरियालिस या एकाच ताऱ्याची नोंदवही ठेवत आहे. नोव्हेंबरात तो सूर्यामागोमाग संध्याकाळीच बुडत असल्यामुळे काही आठवडे खंड पडला. डिसेंबरच्या मध्यापासून तो पहाटे पूर्वेला पुन्हा सापडू लागला आहे. आज ५ वाजून ५ मिनिटांनी ६ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीतून केलेला माझा अंदाज १०.० प्रत असा आहे. (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी.) याचा अर्थ उद्रेक अद्याप झालेला नाही.

ज्यांना हा तारा नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हा पुनरावर्ती नवतारा, म्हणजे काही वर्षांनी पुन्हा पुन्हा एकाएकी उजळणारा तारा आहे. एरवी तो दहाव्या प्रतीच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांना मुळीच न दिसणारा असतो. परंतु १२ मे १८६६ रोजी आयर्लंडमधील ट्युअम गावी जॉन बर्मिंगहॅम यांना तो एकाएकी दुसऱ्या प्रतीचा होऊन झळकताना दिसला आणि त्यानंतर ९ फेब्रुवारी १९४६ रोजी त्याने तोच प्रकार पुन्हा केला. दहाव्या प्रतीवरून दुसऱ्या प्रतीवर येणे म्हणजे सुमारे सोळाशे पटींनी उजळणे होय. ही सगळी शोभा आठवडाभराची असते. उद्रेकानंतर पाच-सहा दिवसांतच तो तीन प्रतींनी उतरतो आणि पुन्हा दुर्बिणीचा विषय होऊन बसतो. म्हणून ज्याला पाहायचा आहे त्याने आधीपासून आकाशाचा तो कोपरा ओळखीचा करून ठेवला पाहिजे.

सध्या उत्तर मुकुट (कोरोना बोरियालिस), म्हणजे आपला तारा ज्यात आहे तो तारकासमूह, रात्री अडीचच्या सुमारास पूर्व-ईशान्येला उगवतो आणि साडेपाचपर्यंत चाळीस अंश वर येतो. सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की स्वाती सापडते. पाचच्या सुमारास ईशान्येला अभिजित वर येते. या दोघींच्या मध्ये, स्वातीच्या बाजूला, ताऱ्यांचे लहानसे अर्धवर्तुळ म्हणजे मुकुट. त्यातील सर्वांत तेजस्वी तारा अल्फेका, सव्वादोन प्रतीचा. मुकुटाच्या खालच्या टोकाकडील एप्सिलॉन या ताऱ्यापासून उजवीकडे, किंचित खाली, सुमारे एक अंशावर, म्हणजे पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी ठेवले तर जेवढी जागा व्यापतील तेवढ्या अंतरावर, आपला तारा आहे.

गोव्यातील आणखी कोणी हा तारा पाहत असल्यास येथे नोंद करावी, ही विनंती. तारीख, वेळ, साधन, अंदाज आणि आकाशाची स्थिती एवढे पुरे.

माडाखालून | १२ जानेवारी, रात्री ९.४०

मास्तर, मी काणकोणहून १० बाय ५० च्या द्विनेत्रीने पाहते. माझ्या अंगणातून नवव्या प्रतीपलीकडे काही दिसत नाही, त्यामुळे हा तारा मला आजवर एकदाही दिसलेला नाही. न दिसलेल्या ताऱ्याची नोंद काय करायची, असे वाटून मी आतापर्यंत गप्प राहिले.

डिचोलीचा_दुर्बीणवाला | १३ जानेवारी, सकाळी ८.०५

ताई, न दिसल्याची नोंदही नोंदच असते. त्या जागेजवळ तुम्हाला जो सर्वांत मंद तारा स्पष्ट दिसला त्याची प्रत नकाशावरून वाचावी. समजा ती ८.८ असेल, तर "८.८ पेक्षा मंद" असे लिहावे. अमेरिकेतील रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षकांची संघटना, जी १९११ पासून अशा नोंदी गोळा करत आहे, ती या प्रकारची नोंद रीतसर स्वीकारते. उद्रेक नेमका कधी सुरू झाला हे पुढे ठरवताना, तो अमुक वाजेपर्यंत झालेला नव्हता, ही माहिती एखाद्या मोठ्या दुर्बिणीच्या छायाचित्राइतकीच उपयोगी पडते. १९४६ साली तो कमाल तेजाला पोहोचला तेव्हा कोणीच पाहत नव्हते. सापडला तोवर तो उतरू लागला होता.

एक सूचना: त्या संघटनेच्या नकाशांवर ताऱ्यांच्या प्रती दशांशचिन्हाविना छापलेल्या असतात, कारण बिंदू दिला तर तोच एखादा तारा समजला जाईल. १०२ असे वाचलेत तर ते १०.२ समजावे. मी स्वतः पहिल्या रात्री गोंधळलो होतो.

शंकासुर | १४ जानेवारी, दुपारी १.३०

मला एक रोखठोक प्रश्न विचारायचा आहे. गेल्या उन्हाळ्यात सगळ्या वाहिन्यांनी सांगितले की हा तारा सप्टेंबर २०२४ पर्यंत फुटणार. आमच्या वाड्यावरील पोरांना घेऊन मी मे महिन्यात डासांच्या फौजेत आठ रात्री गच्चीवर काढल्या. सप्टेंबर गेला, दिवाळी गेली, आज संक्रांत आहे. पंचांग मांडून मुहूर्त सांगणारा भटजी चुकला तर आपण हसतो. शास्त्रज्ञ चुकले तर "निरीक्षण चालू ठेवा" म्हणतो. यांत फरक काय, तो कोणी समजावून सांगेल का?

चोर्ला_आठशे | १४ जानेवारी, रात्री ११.१५

शंकासुरबाब, प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

तो मुहूर्त हवेतून आलेला नव्हता. अमेरिकेतील ब्रॅडली शेफर यांनी जुन्या नोंदी जुळवल्या, तेव्हा दिसले की १९४६ च्या उद्रेकापूर्वी सुमारे दहा वर्षे हा तारा नेहमीपेक्षा थोडा उजळ होता आणि स्फोटाच्या वर्षभर आधी तो मंदावला होता. आपल्या काळात २०१५ पासून तो तसाच उजळला आणि २०२३ मध्ये मंदावला. मागची चाल पुढे लावून त्यांनी २०२४ च्या मध्याचा अंदाज दिला, परंतु तो अधिक-उणे काही महिन्यांच्या मर्यादेसह दिला होता. वाहिन्यांनी मर्यादा गाळली आणि तारीख ठेवली. शिवाय ज्या चालीवरून भाकीत केले ती चाल आपण याआधी केवळ एकदाच पाहिलेली आहे. एका उदाहरणावरून नियम बांधला तर तो तुटण्याची शक्यता राहणारच, आणि या वेळी तो तुटला.

याच शेफर यांचे दुसरे भाकीत पाहा. यू स्कॉर्पाय हा वृश्चिकेतील पुनरावर्ती नवतारा. तो २००९ च्या आसपास, वर्षभर मागेपुढे, उसळेल असे त्यांनी सांगितले होते, आणि २८ जानेवारी २०१० च्या पहाटे फ्लोरिडातील दोन हौशी निरीक्षकांनी तो पकडला. हे महत्त्वाचे, कारण यू स्कॉर्पाय दिवसाला जवळजवळ एक प्रत उतरतो. दोन दिवस ढग आले असते तर तो हातचा गेला असता. याच ताऱ्याचा पहिला नोंदलेला उद्रेक १८६३ च्या मे महिन्यात आपल्या देशातून, मद्रासच्या वेधशाळेतून, नॉर्मन पॉग्सन यांनी पाहिला होता. एका प्रतीमागे २.५१२ पट तेज हे प्रमाण सुचवणारे पॉग्सन ते हेच. मास्तरांनी वर केलेला सोळाशे पटींचा हिशेब त्यांच्याच मापाने केलेला आहे.

उलट बाजूचे उदाहरणही द्यायला हवे. टी पिक्सिडिस हा खरोखर आपल्या हिवाळी रात्रींचा पुनरावर्ती नवतारा आहे. होकायंत्र या तारकासमूहात, व्याधाच्या बराच आग्नेयेला, जानेवारीच्या अखेरीस मध्यरात्री दक्षिणेला चाळीस अंशांवर येतो. इंग्लंडच्या निरीक्षकांना तो क्षितिजाला चिकटून दिसतो, आपल्याला मात्र चोर्ल्याच्या पठारावरून आरामात. त्याचे उद्रेक १८९०, १९०२, १९२०, १९४४ आणि १९६७ असे झाले. हे आकडे पाहून कोणीही म्हणेल की पुढचा १९९० च्या आसपास. प्रत्यक्षात तो १४ एप्रिल २०११ रोजी झाला, ४४ वर्षांनी, आणि तोही हवाईतील एका हौशी निरीक्षकाने प्रथम पाहिला. ज्यांनी १९८५ पासून वाट पाहायला सुरुवात केली असेल त्यांची मुले तोवर नोकरीला लागली असतील.

तर फरक एवढाच: येथे चूक वहीत लिहून ठेवली जाते आणि तिच्या शेजारी पुढचा अंदाज लिहिला जातो.

शंकासुर | १५ जानेवारी, सकाळी १०.००

उत्तर पटले. मेमधील डास मात्र माफ केलेले नाहीत. आता हे सांगा की एकदा स्फोट झालेला तारा पुन्हा पुन्हा फुटतो कसा? स्फोट म्हणजे शेवट, असे माझे ज्ञान.

डिचोलीचा_दुर्बीणवाला | १५ जानेवारी, रात्री ८.२०

शेवट होतो तो अतिनवताऱ्यात (सुपरनोव्हात). येथे तारा शाबूत राहतो, फक्त त्याच्या अंगावरचा थर जळून उडतो.

टी कोरोनी हा एक तारा नसून जोडी आहे. एक तांबडा राक्षसी तारा, फुगलेला आणि म्हातारा. दुसरा श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, आकाराने पृथ्वीएवढा आणि वजनाने सूर्यापेक्षा अधिक. दोघे साडेसातशे नव्हे, अवघ्या २२७ ते २२८ दिवसांत एकमेकांभोवती फेरी पुरी करतात. (पहिला आकडा माझ्या जुन्या वहीतील चूक आहे, खोडण्यापेक्षा कबूल केलेली बरी.) राक्षसी ताऱ्याच्या बाहेरच्या थरातील हायड्रोजन श्वेतबटूकडे ओढला जातो, त्याच्याभोवती चकती करून फिरतो आणि हळूहळू त्याच्या पृष्ठभागावर साचतो.

आता खरी गंमत. साधा वायू तापला की फुगतो आणि फुगला की निवतो, त्यामुळे आच आपोआप आवरली जाते. श्वेतबटूच्या पृष्ठभागावर साचलेला थर मात्र इतका दाबलेला असतो की त्याचा दाब तापमानावर अवलंबूनच राहत नाही. तापला तरी तो फुगत नाही, म्हणून निवत नाही, म्हणून आणखी तापतो. शिट्टी अडकलेल्या कुकरखाली गॅस मोठा करत जावे तसा हा प्रकार आहे. तापमान काही कोटी अंशांवर गेले की हायड्रोजनचे अणुसंमीलन एकाएकी बेफाम होते, आणि तेव्हा कुठे तो थर फुगून सेकंदाला हजारो किलोमीटरच्या वेगाने बाहेर फेकला जातो. आपल्याला दिसतो तो नवतारा हाच. आत श्वेतबटू तसाच, शेजारी तांबडा तसाच, आणि साचणे पुन्हा सुरू.

हा प्रकार बहुतेक नवताऱ्यांत हजारो वर्षांनी घडतो, म्हणून माणसाला एकदाच दिसतो. श्वेतबटू सुमारे १.४ सूर्यांहून जड राहू शकत नाही. ज्याचे वस्तुमान या मर्यादेजवळ असते त्याच्या पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण इतके जबर की थोड्याशा इंधनातच ठिणगी पडते. टी कोरोनीचा श्वेतबटू त्या मर्यादेच्या अगदी उंबरठ्यावर आहे, म्हणून सुमारे ८० वर्षांत त्याची भरपाई होते.

अकरावी_विज्ञान | २४ जानेवारी, सकाळी ६.०२

सर, तो फुटला आहे!! मी म्हापशाहून आमच्या इमारतीच्या गच्चीवरून आत्ता ५.४० ला पाहिला. मुकुटाच्या बाहेर, खालच्या बाजूला, नकाशात दाखवलेल्या जागी, नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसणारा तारा आहे. अंदाजे चौथ्या प्रतीचा. काल नव्हता, कारण काल मी पाहिले तेव्हा तिथे काहीच दिसले नव्हते. कृपया कोणीतरी लगेच पाहा, उजाडत आहे.

तारवटी | २४ जानेवारी, सकाळी ७.१५

मी सध्या मालवाहू जहाजावर आहे, ओमानच्या किनाऱ्याजवळ. आपला संदेश वाचला तेव्हा येथे अजून अंधार होता. ब्रिजवरील ७ बाय ५० ची द्विनेत्री घेऊन बाहेर आलो. येथे आकाश काळेकुट्ट आहे आणि मुकुटातील सातही तारे डोळ्यांनी मोजता येतात. एप्सिलॉनच्या उजवीकडे एक अंशावर काहीही नाही. आठव्या प्रतीचे शेजारी दिसले, त्यामुळे माझी नोंद "८.० पेक्षा मंद" अशी घ्यावी. मुलाला नाउमेद करण्याचा हेतू नाही.

डिचोलीचा_दुर्बीणवाला | २४ जानेवारी, सकाळी ७.५०

बाळा, मी दुर्बीण आत नेलेली होती, तुझा संदेश वाचून धावतपळत पुन्हा अंगणात आणली, तोवर अल्फेकाही विरत आला होता. एक विचारतो: तुला मुकुटात किती तारे दिसले?

अकरावी_विज्ञान | २४ जानेवारी, सकाळी ७.५८

चार. अल्फेका, त्याच्या वरच्या बाजूला दोन, खाली एक. आणि मग जरा मोकळी जागा सोडून हा नवा.

डिचोलीचा_दुर्बीणवाला | २४ जानेवारी, सकाळी ८.३०

उलगडा झाला. मुकुटाचे तारे सात: थीटा, बीटा, अल्फेका, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन आणि आयोटा. यांपैकी डेल्टा ४.६ प्रतीचा आहे आणि आयोटा पाचव्या. म्हापशाच्या दिव्यांत आणि पहाटेच्या धुरकट हवेत हे दोन्ही गडप होतात. डेल्टा गेला की कमानीत खिंडार पडते आणि त्यापलीकडचा एप्सिलॉन, जो ४.१ प्रतीचा आहे, मुकुटाबाहेर एकटा उभा असल्यासारखा भासतो. तू पाहिलास तो एप्सिलॉन. काल बहुधा धुके अधिक असल्याने तोही दिसला नसेल.

तू ओरडलास ते बरोबरच केलेस. खात्री करून घेईन आणि मग सांगेन, असे म्हणत बसणाऱ्याच्या हातून हा तारा निसटतो. यापुढे मात्र मुकुटाचे तारे आधी मोजायचे आणि सात भरल्याशिवाय आठवा मोजायचा नाही.

माडाखालून | २४ जानेवारी, दुपारी २.१०

या निमित्ताने लेस्ली पेल्टियर यांची गोष्ट सांगते, कारण ती आमच्यासारख्या आळशांची आहे. अमेरिकेतील ओहायोतील या शेतकरी कुटुंबातील निरीक्षकाने अनेक धूमकेतू शोधले आणि टी कोरोनीवर पंचवीस वर्षांहून अधिक काळ नजर ठेवली. फेब्रुवारी १९४६ च्या त्या रात्री ते गजर लावून अडीच वाजता उठलेही होते. बाहेर कडाक्याची थंडी, घसा बसल्यासारखा वाटला, म्हणून ते पुन्हा अंथरुणात शिरले. त्याच रात्री तारा उजळला. त्यांनी हे आत्मचरित्रात स्वतःच कबूल केले आहे.

आणि तो कोणाला दिसला, तर सोव्हिएत संघातील रेल्वेमार्गावर गस्त घालणाऱ्या एका माणसाला, नुसत्या डोळ्यांनी. आपल्या कोकण रेल्वेच्या रुळांवरून बॅटरी घेऊन चालणाऱ्या ट्रॅकमनने एका रात्री मान वर करून पाहावे आणि आमच्या सगळ्या दुर्बिणी बाजूला राहाव्यात, असाच तो प्रकार. गेल्या आठवड्यात काणकोणच्या एका जत्रेत नाटक पहाटे साडेचारला संपले; दिव्यांच्या माळा मालवल्यावर मी देवळामागच्या माळावर उभी राहून मुकुट शोधला. त्या गर्दीतील कोणालाही तो नवतारा दिसू शकला असता.

चोर्ला_आठशे | २५ जानेवारी, रात्री १०.३०

रेल्वेवाल्यांचा उल्लेख वाचून आणखी एक नाव सांगावेसे वाटते. आताच्या बांगलादेशातील जेसोरचे राधागोविंद चंद्र हे खजिन्याच्या कचेरीत कारकुनी करणारे गृहस्थ. १९१८ च्या जून महिन्यात गरुड तारकासमूहात उगवलेला तेजस्वी नवतारा त्यांनी नुसत्या डोळ्यांनी स्वतंत्रपणे पाहिला. पुढे त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या ३७ हजारांहून अधिक नोंदी अमेरिकेतील संघटनेकडे धाडल्या, आणि तिने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. ती पुढे फिरत फिरत कावलूरच्या वेधशाळेपर्यंत पोहोचली. ३७ हजार नोंदींचा अर्थ काय, हे मला माझ्या २११ नोंदींनंतर थोडेसे कळू लागले आहे.

कुळागर_सावई | २६ जानेवारी, सकाळी ९.१५

येथे एक गृहकृत्याचा विषय मांडतो. माझ्या ८ इंची दुर्बिणीच्या दुय्यम आरशावर आणि दोन नेत्रिकांवर (डोळा लावायच्या भिंगांवर) बुरशीचे जाळे पसरले. मी त्या दुरुस्तीसाठी बाहेरगावच्या एका दुकानाकडे पाठवल्या. तीन महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा बुरशी होती तशीच आणि वर बोटाचा ठसा. आपल्याकडील दमटपणात उपाय काय करता?

दहिंवराचाही प्रश्न आहे. कुळागरात (सुपारीच्या बागेत) पाण्याचे पाट असल्याने साडेचारनंतर नळीवरून पाणी ओघळू लागते आणि नेमका तेव्हाच मुकुट सुपारीच्या झाडांवर आलेला असतो.

डिचोलीचा_दुर्बीणवाला | २६ जानेवारी, दुपारी १२.४०

दुर्बीण पेटीत बंद करून ठेवू नका, हा पहिला उपाय. बुरशीला अंधार, ओल आणि कोंडलेली हवा लागते. मी नेत्रिका झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो आणि पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर सुकवतो. घरच्यांना हे पसंत नाही, पण तवा वेगळा घेतल्यावर तह झाला. दहिंवरासाठी नळीच्या तोंडाला जुन्या फोमच्या चटईची वीतभर लांब गुंडाळी बसवा. पाऊण तास अधिक मिळतो. समुद्राकाठच्या मंडळींनी आरशावर खारा वारा लागू देऊ नये. माझ्या कळंगुटच्या एका मित्राचा आरसा चार वर्षांत कडेने काळा पडला.

अकरावी_विज्ञान | २९ जानेवारी, सकाळी ६.४०

आज पौष अमावास्या असल्याने मी मावशीकडे सत्तरीत आलो आहे. कुळागर_सावई काकांनी त्यांची दुर्बीण येथपर्यंत गाडीत घालून आणली. धुके दरीत खाली राहिले आणि आम्ही वरच्या माळावर होतो.

मी आधी सात तारे मोजले. सातही भरले. मग एप्सिलॉनवर दुर्बीण लावली, नकाशा तांबड्या कागदाने झाकलेल्या बॅटरीच्या उजेडात धरला आणि तारकांच्या आकृतीवरून पुढे सरकत गेलो. दोनदा वाट चुकलो, कारण या दुर्बिणीत चित्र उलटे दिसते आणि मी नकाशा उलटा धरायला विसरलो होतो. तिसऱ्यांदा सापडला. अगदी लहान, तिथे असल्याची खूणही न देणारा. जरा वेळ टक लावून पाहिले तर किंचित नारिंगी वाटला. त्याच्याहून उजळ एक आणि मंद एक अशा दोन ताऱ्यांमध्ये त्याला बसवून मी ९.७ असा अंदाज केला. काकांनी १०.१ म्हटले. दोघांत कोणाचा बरोबर?

चोर्ला_आठशे | २९ जानेवारी, सकाळी ११.००

अभिनंदन. मीही आज पठारावर होतो. माझा अंदाज १०.०.

तुमच्या दोघांतील फरकाचे कारण तुझ्याच वर्णनात आहे. आपल्याला दिसणारा बहुतेक प्रकाश तांबड्या जोडीदाराचा आहे, आणि तांबड्या ताऱ्याकडे जितके टक लावून पाहावे तितका तो डोळ्यांत उजळत जातो. म्हणून त्याच्याकडे क्षणभरच नजर टाकायची, लगेच तुलनाताऱ्याकडे वळायचे, पुन्हा क्षणभर त्याच्याकडे. काही जण चित्र मुद्दाम किंचित धूसर करून ठिपक्यांऐवजी चकत्यांची तुलना करतात. सरावाने ०.२ पर्यंत जुळते. त्याहून अधिक आपल्या डोळ्यांकडून अपेक्षू नये. आणि काकांचा आकडा कळल्यावर स्वतःचा बदलू नकोस. वहीत ९.७ च राहू दे.

तारा स्वतःही थोडा वरखाली होतो, हे लक्षात घ्यावे. श्वेतबटूच्या ओढीने तांबडा तारा अंड्यासारखा लांबट झालेला आहे. फेरीत दोनदा तो आपल्याला आपली लांब कूस दाखवतो आणि दोनदा टोक. त्यामुळे सुमारे ११४ दिवसांच्या लयीत त्याचे तेज तीन-चार दशांशांनी चढते आणि उतरते. शांत ताऱ्याला हा श्वासोच्छ्वास आहे. त्यालाच उद्रेकाची चाहूल समजून अनेकांनी धावपळ केली आहे.

शंकासुर | २९ जानेवारी, दुपारी ४.३०

मी एक हिशेब केला. १८६६ च्या मेपासून १९४६ च्या फेब्रुवारीपर्यंत ७९ वर्षे ९ महिने होतात. तेच पुन्हा मिळवले तर २०२५ चा नोव्हेंबर येतो. भटजीगिरी समजा हवी तर.

चोर्ला_आठशे | २९ जानेवारी, रात्री ९.२०

हिशेब बरोबर आहे, फक्त तो एकाच अंतरावर उभा आहे. शेफर यांनी जुन्या कागदपत्रांतून १७८७ आणि १२१७ सालचे आणखी दोन संभाव्य उद्रेक शोधले आहेत. १७८७ धरला तरी अंतर ७९ वर्षांच्या आसपासच निघते, म्हणून तुमचा नोव्हेंबर अगदीच टाकाऊ नाही.

तसे झाले तर गोव्याला एक सोय आहे. नोव्हेंबरच्या मध्यास मुकुट सूर्यास्तानंतर दीड तासाने मावळतो आणि काळोख पडेपर्यंत जेमतेम आठ-दहा अंशांवर उरतो. डोंगराआडच्या माणसाला तो मिळणारच नाही. मोरजी किंवा आगोंदच्या किनाऱ्यावर पश्चिमेला समुद्राखेरीज आडवे काही नसते. मला काळजी आहे ती निराळी. २०२१ च्या ऑगस्टमध्ये भुजंगधारीतील आरएस ओफियुकाय उसळला, साडेचार प्रतीपर्यंत गेला, जगाने पाहिला, आणि आपण येथे आठवडाभर कौलांवरचा पाऊस ऐकत बसलो होतो. टी कोरोनीने जून ते सप्टेंबर एवढे टाळावे.

डिचोलीचा_दुर्बीणवाला | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

आज १९४६ च्या उद्रेकाला ७९ वर्षे पूर्ण झाली. माघ शुक्ल द्वादशीचा चंद्र साडेचारच्या आत मावळला आणि त्यानंतर सुमारे सव्वा तास खरा काळोख मिळाला. मुकुट पन्नास अंशांवर होता. कोणी ठरवले नव्हते, तरी रात्री आलेले संदेश एकत्र केले तर आपण सहा जण एकाच वेळी पाहत होतो.

डिचोली, ६ इंची दुर्बीण, ४.५०: ९.९. चोर्ला, ८ इंची, ५.०५: ९.९. सावई, ८ इंची, ५.१०: १०.१, दहिंवरामुळे अंदाज साशंक. सत्तरीचा माळ, काकांची जुनी ४ इंची दुर्बीण, ५.२०: १०.०, निरीक्षक अकरावी विज्ञान, सात तारे मोजून. काणकोण, द्विनेत्री: ८.९ पेक्षा मंद. जहाज, अरबी समुद्र, द्विनेत्री: ९.० पेक्षा मंद. शंकासुरांचाही निरोप आला आहे की त्यांनी गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी पाहिले आणि एप्सिलॉनशेजारी काही नव्हते, ती नोंद "४.५ पेक्षा मंद" अशी सातवी लिहून घेतली आहे.

मी वही मिटत असताना खालच्या रस्त्यावरून पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा वाजला. तो रोज याच वेळी पूर्वेकडे तोंड करून चढ चढतो. आज त्याला थांबवून मुकुट दाखवला. त्याने विचारले, नवा तारा कोणत्या जागी येणार. मी बोटाने जागा दाखवली. उद्यापासून आपण बघत जाऊ म्हणाला, आणि चार पाव देऊन गेला.

उद्या चंद्र पाच वाजून गेल्यावर मावळेल. सव्वापाच ते पावणेसहा एवढीच फट आहे. ज्यांना जमेल त्यांनी ती साधावी.